रात्रीचे राग आणि मैफलीचा अन्वय

१

नाशिकच्या इंदिरानगर वसाहतीत एका परिचितांच्या गच्चीवर कोजागरीला गाण्याची बैठक होते. श्रोते साठ-सत्तर, साथीला तबला व संवादिनी, दोन तानपुरे आणि ध्वनिक्षेपकाची जुजबी सोय. मागच्या खेपेस गायकाने साडेसातच्या सुमारास यमनने आरंभ केला, मध्ये एक नाट्यपद झाले आणि नऊ वाजून गेल्यावर त्याने मालकंस सुरू केला. प्रस्तुत लेखकाच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. जुन्या मैफली त्यांनी भरपूर ऐकलेल्या. ते हलकेच म्हणाले, "मालकंसाला अजून तीन तास अवकाश आहे." तक्रार शास्त्राला धरून होती. मालकंस हा रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचा राग; नऊला तिसरा प्रहर लागत नाही. पुढे दहाला काही मिनिटे उरली असताना गायकाने भैरवी घेतली. भैरवीची शास्त्रोक्त वेळ सकाळची. म्हणजे मालकंस तीन तास आधी आला असेल, तर भैरवी आठ-नऊ तास आधी आली होती. पण आता त्या गृहस्थांनी डोळे मिटले होते आणि ते समाधानाने मान डोलवीत होते.

ही विसंगती त्या गृहस्थांची एकट्याची नाही. आपल्या सर्व श्रवणसंस्कृतीत ती इतकी मुरलेली आहे की ती विसंगती वाटतच नाही. तीन तासांची चूक खटकते आणि आठ तासांची चूक सुखावते, याचा अर्थ काय? रागाची वेळ म्हणून आपण ज्या गोष्टीचा आग्रह धरतो ती घड्याळातली वेळ असेल, तर भैरवीला क्षमा का? आणि ती घड्याळातली वेळ नसेल, तर मालकंसाला आक्षेप कशाचा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न पुढे केला आहे. विषय संगीताचा असला तरी प्रश्न मूलतः अर्थनिष्पत्तीचा आहे: शब्देतर माध्यमात 'रात्र' असते म्हणजे कोठे असते, आणि ती तेथे कशी येते. म्हणून साहित्यविचाराच्या नियतकालिकात तो उपस्थित करणे अप्रस्तुत ठरू नये.

२

रात्र आणि कला यांच्या संबंधाचे दोन प्रकार सहज सुचतात. एकात रात्र हा कलाकृतीचा प्रसंग असतो. दुसऱ्यात ती कलाकृतीचा विषय असते. युरोपातील कक्षसंगीत, म्हणजे दालनात, मोजक्या वादकांनी, मोजक्या श्रोत्यांसाठी वाजवायचे संगीत, हे आपल्या बैठकीच्या गाण्याचे सर्वांत जवळचे भावंड. तेथे या दोन प्रकारांचा इतिहास स्पष्ट दिसतो. मोत्सार्टने १० ऑगस्ट १७८७ या तारखेने आपल्या नोंदवहीत चढवलेली तंतुवाद्यांची प्रसिद्ध रचना 'रात्रीचे छोटे संगीत' या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. त्या नावात वर्णन काहीच नाही. संध्याकाळनंतरच्या करमणुकीसाठी केलेली लहानशी रचना, एवढाच त्याचा अर्थ. रात्र येथे प्रसंग आहे. बोकेरिनीने सुमारे १७८० मध्ये माद्रिदच्या रस्त्यांवरील रात्रीवर तंतुवाद्यांचे पंचक रचले. त्यात प्रार्थनेच्या घंटा आहेत, आंधळ्या भिकाऱ्यांचे नाच आहेत, गस्तीच्या शिपायांचे दूर जाणारे ढोल आहेत. रात्र आता विषय झाली. आणि विषय होताच तिला संकेताची गरज पडली. ही रचना स्पेनबाहेर निरुपयोगी ठरेल, कारण तेथल्या श्रोत्यांना तिचा अर्थ लागणार नाही, असे बोकेरिनीने स्वतःच आपल्या प्रकाशकाला कळवले होते. चित्रण करणाऱ्या कलेला चित्रित वस्तू ओळखणारा रसिक लागतो, हे त्याने नेमके हेरले होते.

एकोणिसाव्या शतकात जॉन फील्ड आणि त्याच्यामागून शोपां यांनी पियानोसाठी 'नॉक्टर्न' हा प्रकार रुजवला. रात्र ही आता मनोवस्था झाली. दुपारी दिवाणखान्यात बसूनही ती अनुभवता येऊ लागली. १८९९ मध्ये शोनबर्गने डेमेल या कवीच्या कवितेवरून सहा तंतुवाद्यांसाठी रचना केली, तीत चांदण्यातून चालणारी दोन माणसे आहेत. बार्टोकच्या १९२८ च्या चौथ्या चौकडीत, तिसऱ्या भागात, कीटकांची किरकिर आणि पाखरांचे तुटक बोल असलेली निर्मनुष्य रात्र आहे. या सर्व रचना दिवसा ऐकल्याने काही बिघडत नाही. किंबहुना त्या दिवसाही रात्र उभी करू शकतात, हेच त्यांचे यश मानले जाते.

या परंपरेतले अलीकडचे एक उदाहरण मात्र थांबून पाहण्याजोगे आहे. गेओर्ग फ्रीडरिख हास या ऑस्ट्रियन रचनाकाराची २००१ ची तिसरी तंतुवाद्यचौकडी संपूर्ण अंधारात वाजवली जाते. चार वादक दालनाच्या चार कोपऱ्यांत बसतात. त्यांना स्वरलिपी दिसत नाही, एकमेकांचे चेहरेही दिसत नाहीत. एक वादक एखादा ठरलेला नाद काढून दुसऱ्याला आमंत्रण देतो आणि दुसरा ते स्वीकारतो किंवा नाकारतो. शतकभर रात्रीचे चित्र काढून झाल्यावर ही परंपरा पुन्हा प्रत्यक्ष अंधाराकडे वळली, असे कोणी म्हणेल. पण अधिक महत्त्वाची गोष्ट रचनेच्या नावात आहे. ते ख्रिस्ती उपासनेतील 'तिसऱ्या नॉक्टर्न'वरून आले आहे. तेथे नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेचा एक भाग. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रमाने येणारा. ईस्टरपूर्व सप्ताहातील ज्या उपासनेशी ही रचना जोडलेली आहे, तीत एकामागून एक मेणबत्त्या विझवीत जातात. म्हणजे जो शब्द आपण एका भावरम्य वाद्यरचनेचे नाव म्हणून ओळखतो, तो मुळात आपल्या प्रहरासारखा क्रमवाचक शब्द होता. प्रसंग आणि विषय यांखेरीज कलेतल्या रात्रीचा तिसरा एक प्रकार येथे सूचित होतो: क्रमातील स्थान.

३

हिंदुस्थानी संगीतातील समयविचाराची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एका टोकाला श्रद्धा असते: त्या त्या स्वरांत त्या त्या वेळेचा गुण मुळातच आहे. दुसऱ्या टोकाला आधुनिक अविश्वास असतो: हा सारा सवयीचा खेळ आहे, मालकंस दुपारी बारालाही तितकाच चांगला लागतो. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात. राग ही एकटी वस्तू आहे, आणि तिच्यावर वेळेची चिठ्ठी एक तर खरी लावलेली आहे किंवा खोटी.

पहिला पक्ष प्रत्यक्ष रागांपुढे टिकत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग घ्यावेत. तिन्हींत कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, बाकीचे स्वर शुद्ध, पंचम वर्ज्य. स्वरसामग्री एकच. पण मारवा सूर्यास्ताचा, पूरिया त्यानंतरच्या पहिल्या रात्रीचा आणि सोहनी रात्रीच्या शेवटच्या प्रहराची. वेळेचा गुण स्वरांत असता तर तिघांची वेळ एक असायला हवी होती. फरक आहे तो चालीत आणि सप्तकातल्या वस्तीत. मारवा ऋषभ-धैवतांवर टेकतो आणि षड्जाला शक्य तितका चुकवतो. पूरिया मंद्रातल्या निषादाकडे आणि गंधाराकडे खाली उतरतो. सोहनी तार षड्जाच्या आसपासच घुटमळते. अगदी असेच दरबारी आणि अडाणा यांचे. दोन्ही आसावरी थाटाचे, दोन्ही कानडा कुळातले, स्वरही जवळपास तेच. दरबारी मंद्रात जड पावलांनी चालतो, त्याचा कोमल गंधार आंदोलनाखेरीज उभाच राहत नाही. अडाणा उत्तरांगात उसळतो. संथ दरबारीनंतर अडाण्याची द्रुत चीज घेण्याचा गवयांचा जुना परिपाठ आहे. हे नुसते वैचित्र्य नसते. मध्यरात्र उलटली, हे सांगण्याची ती रीत आहे. आणि ती सांगता येते ती दरबारी आधी होऊन गेला म्हणून.

दक्षिणेकडे पाहिले तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. आपल्या मालकंसाचे स्वर तेथे हिंदोळम् रागात आहेत, आणि कर्नाटक संगीतात आज वेळेचे बंधन सहसा पाळत नाहीत. त्याच पाच स्वरांतून तेथील श्रोत्याला उत्तररात्र ऐकू येत नाही. उलट हंसध्वनी किंवा आभोगी यांसारखे राग दक्षिणेतून आपल्याकडे आले, तेव्हा त्यांना आपल्या मैफलीत रात्रीची जागा मिळाली. नव्या गावी आलेल्या माणसाला पत्ता मिळावा तशी ती मिळाली.

मग समयविचार म्हणजे काय? विष्णु नारायण भातखंडे यांची मांडणी या दृष्टीने पुन्हा वाचायला हवी. तिच्यावर वर्गीकरणाच्या हौसेचा आरोप नेहमी होतो, आणि थाटांच्या बाबतीत तो अगदीच निराधार नाही. पण समयासंबंधी त्यांनी जे सांगितले त्याचे स्वरूप कोष्टकापेक्षा व्याकरणाचे अधिक आहे. कोमल रे-ध असलेले संधिप्रकाश राग, त्यांच्यामागून शुद्ध रे-ध असलेले राग, त्यांच्यामागून कोमल ग-नी असलेले राग, आणि पुन्हा संधिप्रकाश. असा हा फेरा दिवसातून दोनदा होतो. मध्यमाला त्यांनी अध्वदर्शक, म्हणजे वाट दाखवणारा, म्हटले. मध्यान्हापासून मध्यरात्रीपर्यंत वादी स्वर पूर्वांगात आणि त्यानंतर तो उत्तरांगात, असेही सूत्र दिले. आणि परमेलप्रवेशक या संज्ञेने त्यांनी काही राग वेगळे काढले. जयजयवंती हे त्याचे ठळक उदाहरण. तीत दोन्ही गंधार आणि दोन्ही निषाद आहेत. शुद्ध गंधाराच्या रागांचा मेळा संपत आला आहे आणि कोमल गंधाराच्या बागेश्री-कानड्यांचा आता सुरू होणार आहे, अशा उंबऱ्यावर ती उभी असते. 'दुसऱ्या मेळात प्रवेश करून देणारा' असा रागाचा प्रकार ज्या विचारात संभवतो, त्या विचाराचा विषय एकेकटा राग असूच शकत नाही. त्याचा विषय रागांची परंपरा, शब्दशः परंपरा, म्हणजे एकामागून एक येणे, हा आहे.

सोस्यूरने भाषेतील चिन्हाचे मूल्य दोन अक्षांवर ठरते असे म्हटले: त्याच्या जागी येऊ शकणारे पर्याय, आणि त्याच्या आधी-नंतर प्रत्यक्ष आलेली चिन्हे. रागसमयाचा विचार आपण आजवर पहिल्याच अक्षावर केला. या वेळेला हा राग की तो. दुसऱ्या अक्षावर, अन्वयाच्या अक्षावर, रात्र उलगडते. शुद्ध मध्यमाचा बिहाग, मग जयजयवंती, मग बागेश्री, मग दरबारी, मग मालकंस, मग सोहनी, मग दोन्ही मध्यमांचा ललत, अशी माळ प्रत्यक्षात ओवली जाते तेव्हा एक एक स्वर खाली उतरतो, वस्ती पूर्वांगातून उत्तरांगात सरकते, आणि श्रोत्याच्या कानात एक प्रवास साचत जातो. त्या प्रवासातले ठिकाण म्हणजे रागाची वेळ. मालकंसातली रात्र मालकंसात नसते. ती मालकंसाच्या मागे असते.

४

भैरवीचे कोडे आता सुटते. ज्या काळी मैफल रात्रभर चालून पहाटे संपे, त्या काळी शेवटचा राग भैरवी असणे घड्याळालाही धरून होते. पुढे मैफली आखडल्या, पण भैरवीने शेवटची जागा सोडली नाही. 'सकाळ' हा तिचा अर्थ गळून पडला आणि 'समाप्ती' हा उरला. भाषाशास्त्रात एखादा शब्द आपला कोशगत अर्थ हरवून नुसता व्याकरणाचा प्रत्यय बनतो, तसे हे झाले. आज भैरवी हे मैफलीतले पूर्णविरामचिन्ह आहे, आणि पूर्णविरामाला कोणी वेळ विचारीत नाही. म्हणून माझ्या शेजारच्या गृहस्थांना भैरवी खटकली नाही. वाक्य संपत होते, आणि पूर्णविराम जागेवर होता. मालकंस खटकला, कारण तो यमन आणि नाट्यपद यांच्यापाठोपाठ, मधल्या साऱ्या पदांचा लोप करून आला. त्यांनी चूक तासांत मोजली, पण ऐकली ती अन्वयात.

येथे शब्दांचा विचारही थोडा करायला हवा. ख्यालाच्या बंदिशींत रात्र भरपूर आहे: न येणारी झोप, परदेशी गेलेला प्रियकर, चांदण्यातले एकटेपण, आणि पैंजण वाजून सासू-नणंद जागी होतील ही धास्ती. हा शेवटचा विषय तर फारच मजेचा. चोरपावलांनी जायचे आहे, आवाज होता कामा नये, आणि हे सांगायला गवई पूर्ण आवाजात तान घेतो. परंतु हे विषय रात्रीच्या रागांपुरते मर्यादित नाहीत. विरहाच्या आणि पैंजणांच्या चिजा संध्याकाळच्या रागांत आहेत, दुपारच्याही आहेत. ख्यालगायनात शब्द विरत जातात आणि नादरूपच उरते, हेही सर्वज्ञात आहे. बंदिशीतली रात्र ही बोकेरिनीच्या घंटांसारखी विषयरूप रात्र. रागाच्या रात्रीचा भार तिच्यावर टाकता येणार नाही.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचा येथे उल्लेख अपरिहार्य आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी बांधलेली शुद्ध संवेदनांची रचना, ही त्यांची कलाकृतीची कल्पना. आणि तीत संगीताला साहजिकच मानाचे स्थान आहे. या कल्पनेनुसार रात्र, पाऊस, विरह या साऱ्या गोष्टी कलाकृतीच्या बाहेरच्या. मर्ढेकरांचे म्हणणे नाकारण्याची गरज नाही, पण त्यांना एक प्रश्न विचारता येतो: कृतीची सीमा कोणती? एका रागाचे सादरीकरण ही कृती मानली, तर रात्र खरोखरच बाहेर पडते. संपूर्ण मैफल ही कृती मानली, तर मात्र रात्र आत येते, आणि ती भावनेच्या मागच्या दाराने येत नाही. दरबारीचा मंद्र आणि अडाण्याचा तार षड्ज यांतला विरोध, शुद्ध गंधार आणि कोमल गंधार यांतला जयजयवंतीने साधलेला समतोल, अशा अगदी मर्ढेकरी परिभाषेतच तिचे वर्णन करता येते.

आपल्या संगीतसमीक्षेने मैफल ही कृती सहसा मानलेली नाही. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या महत्त्वाच्या ग्रंथात स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर घराण्यांची मांडणी झाली. तिच्यामुळे मराठीत या विषयाला शिस्त आली हे खरेच. पण तिचे मापन एका गायकाच्या एका रागाच्या मांडणीला लागू पडते; रात्री दहाला काय गायले म्हणून बाराला काय गाता येईल, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. तो गोविंदराव टेंबे, बा. र. देवधर यांच्या आठवणीवजा लेखनात, प्रसंगांच्या ओघात, अधूनमधून भेटतो. जे आठवणीत शिल्लक राहिले ते सिद्धांतात आले नाही. साहित्यातही आपली अवस्था फारशी वेगळी नाही. कवितेचे विश्लेषण आपण करतो. कवितासंग्रहाच्या क्रमाचे विश्लेषण किती जणांनी केले आहे?

५

मैफलीचा अन्वय तुटत गेला त्याचा दोष आज सरसकट एका नियमावर टाकला जातो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यावर बंदी आली. १९५३ पासून पुण्यात होत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या, पहाटेपर्यंत लांबणाऱ्या रात्री त्यानंतर संपल्या. ही हानी मोठी आहे यात शंका नाही. परंतु तुटण्याची सुरुवात फार जुनी आहे, आणि तिचे काही धागे नाशिकलाच येऊन मिळतात.

इंदिरानगरातून गोदावरी ओलांडून पलीकडे पंचवटीत गेले की विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण निघतेच. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आले आणि त्यांनी तेथे श्रीरामनाम आधाराश्रम स्थापला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय यांचा जन्मही नाशिकचा, १९२१ चा. विष्णु दिगंबरांनी गाणे संस्थानिकांच्या दिवाणखान्यातून उचलून तिकिटाच्या जलशात आणले. गायकाला प्रतिष्ठा मिळाली, मध्यमवर्गाला गाणे मिळाले. या कार्याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणा होईल. पण तिकिटाच्या जलशाला सुरू होण्याची वेळ असते, म्हणून संपण्याचीही असते. श्रोत्याला दुसऱ्या दिवशी कचेरी असते. रात्रीचे पहिले आकुंचन येथे, पूर्ण सद्हेतूने, झाले.

दुसरे आकुंचन यंत्राने केले. १९०२ पासून हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि राग तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत आला. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, वारले. त्यांचे गाणे पुढच्या पिढ्यांना बव्हंशी तबकड्यांतून आणि आकाशवाणीच्या मुद्रणांतूनच भेटले. त्या छोट्या तबकड्यांत राग किती नेटका आणि भरीव मांडता येतो, हे त्यांच्याइतके क्वचितच कोणी दाखवले असेल. पण तबकडीच्या आधी आणि नंतर शांतता असते. तबकडीतला राग हा कोशातला शब्द आहे: अर्थ नेमका, वाक्य नाही. आकाशवाणीने याच्या उलट केले. सकाळचे राग सकाळी, रात्रीचे रात्री, हे तिने कटाक्षाने पाळले, पण एक गायक, एक राग, ठरावीक मिनिटे या चौकटीत. वेळ राखली आणि क्रम मोडला. समयविचाराचा अर्थ घड्याळ, हा आपला आजचा समज दृढ होण्यात आकाशवाणीच्या या निष्ठेचा वाटा बराच असावा, असे मला वाटते.

दीर्घ ध्वनिमुद्रिका आली तेव्हा मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. अमीर खाँ यांच्या १९६० च्या सुमारास निघालेल्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. एक बाजू सूर्यास्ताची, दुसरी मध्यरात्रीची. तबकडी उलटण्याच्या क्षणात पाच-सहा तास लोटतात. ही निवड विक्रीच्या सोयीने झाली की विचाराने, हा प्रश्न बाजूला ठेवू. श्रोत्याच्या दृष्टीने जे घडते ते महत्त्वाचे. मारव्यात षड्ज सतत चुकवलेला. वीस मिनिटे आपण एका अधांतरात लोंबकळत असतो, कोमल ऋषभावरून उतरायला जमीन मिळत नाही. तबकडी उलटली की दरबारीच्या मंद्रात तो षड्ज संथपणे, पूर्ण वजनानिशी मिळतो. हा दरबारी एरवी ऐकलेल्या दरबारीपेक्षा निराळा लागतो. त्याच्या मागे एक न मिळालेला षड्ज उभा आहे. मी ही ध्वनिमुद्रिका भर दुपारी अनेकदा ऐकली आहे, आणि तिच्यातली रात्र दुपारीही मोडत नाही. दरबारी एकटा ऐकला तर ती पुष्कळ फिकी होते. म्हणजे रात्रीला काळोखाची अट नाही. पण पूर्वपदाची आहे.

कुमार गंधर्वांनी दुसरी वाट काढली. गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत या त्यांच्या कार्यक्रमांत ऋतू हा मैफलीचा विषय झाला, आणि विषयानुसार क्रम रचला गेला. मैफल ही एक कृती आहे, ही जाणीव आधुनिक काळात इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणी दाखवली नसेल. तरीही हा क्रम विषयाचा आहे, उलगडत जाणाऱ्या काळाचा नाही. भा. रा. तांबे यांच्या कवितांच्या त्यांच्या कार्यक्रमाचे नाव 'तांबे गीतरजनी'. 'रजनी' हा शब्द आपल्याकडे कार्यक्रमांच्या नावांत आता सर्रास वापरतात, आणि त्याचा अर्थ संध्याकाळी सहा ते नऊ असा होतो.

यानंतरचा टप्पा पहाटमैफलींचा. दिवाळीतल्या पहाटेच्या गाण्याला आता महाराष्ट्रभर गर्दी होते. नाशिकला पिंपळपारावर पाडव्याची पहाट रंगते. या मैफलींमुळे ललत, भटियार, रामकली हे राग हजारो कानांवर त्यांच्या वेळी पडतात, याचा आनंद आहे. पण तेथे येणारा श्रोता रात्रभर झोपून, अभ्यंगस्नान करून आलेला असतो. त्याच्यासाठी ललत हा आरंभ आहे. जागून पहाटेपर्यंत पोहोचलेल्याला ललत हा शेवटाचा आरंभ असे. त्यातले दोन मध्यम एकमेकांना भिडत तेव्हा मागे सोडलेली सारी रात्र त्या भिडण्यात असे. वेळ तीच आहे, राग तोच आहे, अन्वय उलटा झाला आहे. घड्याळ पाळूनही रात्र कशी हरवते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

६

या मांडणीवर एक आक्षेप मलाच सतावतो. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी अब्दुल करीम खाँ दक्षिणेतल्या प्रवासात अस्वस्थ वाटू लागल्याने सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले, फलाटावर बिछाना घालून त्यांनी दरबारीच्या स्वरांत ईश्वराची आळवणी केली आणि तेथेच त्यांचा अंत झाला, असे सांगतात. तेथे मैफल नव्हती, आधी बिहाग नव्हता, नंतर अडाणा नव्हता. तरी त्या प्रसंगातला दरबारी रात्रीचाच. क्रमाखेरीज रात्र नाही असे म्हणणाऱ्याने या दरबारीचे काय करावे? एक उत्तर असे की ज्याने आयुष्यभर मैफली केल्या त्याच्या एका स्वरामागेही सारी माळ असते. गाणाऱ्याच्या अंगी मुरलेला अन्वय त्याला प्रत्येक वेळी उच्चारावा लागत नाही. हे उत्तर मला पुरेसे वाटते, पण पूर्ण वाटत नाही. कारण मग प्रश्न श्रोत्याकडे वळतो. ज्याने अशी एकही रात्र अखंड ऐकलेली नाही, आणि आजच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी ती ऐकलेली नाही, त्याच्या कानात ती माळ कोठून येणार? ध्वनिमुद्रणे आज कोणालाही, कोणत्याही क्षणी, कितीही मिळतात. बिहागापासून ललतापर्यंतची रात्र घरबसल्या ओवता येते. तशी ओवून ऐकणारे किती आहेत?

त्या कोजागरीला भैरवी संपली तेव्हा दहाही वाजले नव्हते. ध्वनिक्षेपक बंद झाला. आटवलेल्या दुधाचे पेले फिरले. चंद्र नुकता चांगला वर आला होता. माणसे उठली नाहीत. साठांपैकी तीस-पस्तीस तरी सतरंजीवर तशीच बसून राहिली. गायकाचा गळा तापला होता, तबला उतरवलेला नव्हता, तानपुरे अजून जुळलेलेच होते आणि कोणीतरी त्यांतला एक नकळत छेडीतही होते. यजमानांनी खालच्या दिवाणखान्यात, ध्वनिक्षेपकाशिवाय, बसण्याची तयारी दाखवली. दोन-तीन जणांनी गायकाकडे पाहिले. गायकानेही पाहिले. माझ्या शेजारच्या गृहस्थांना दरबारी ऐकायचा होता, असे ते मला नंतर जिना उतरताना म्हणाले. पण भैरवी होऊन गेली होती.